ऋतूंच्या साक्षीने : यहुदी सण आणि सृष्टी

पाऊस वेळेवर आला, धान्य घरात आले, झाडाला मोहर धरला म्हणजे माणसाचे हात आपोआप जोडले जातात. आपल्याकडील गुढीपाडवा, नारळी पौर्णिमा, पोळा आणि दसरा या सणांच्या मुळाशी हीच कृतज्ञता आहे. जगातील बहुतेक प्राचीन धर्मांच्या सणवारांत ऋतुचक्राच्या खुणा आढळतात. यहुदी धर्माविषयी मात्र आपल्या मनात सहसा निराळे चित्र असते. कडक एकेश्वरवाद, धर्मग्रंथांचा काटेकोर अभ्यास आणि देशोदेशी विखुरलेल्या समाजाचा इतिहास एवढेच त्यात ठळक दिसते. परंतु या धर्माचे पंचांग उघडून पाहिले, तर त्याच्या पानापानांतून जव, गहू, द्राक्षे, डाळिंबे, दव आणि पाऊस डोकावताना दिसतात.

या परंपरेत सृष्टीची पूजा नाही. सूर्य, चंद्र, पर्वत, वृक्ष ही सारी ईश्वराची निर्मिती मानली जाते, ईश्वराची रूपे मानली जात नाहीत. तरीही गडगडणारा मेघ, इंद्रधनुष्य, महासागर, फुललेले फळझाड यांतील प्रत्येकाच्या दर्शनाने म्हणावयाचे स्वतंत्र आशीर्वचन या धर्माने सांगितले आहे. दर अठ्ठावीस वर्षांनी एकदा पहाटे उघड्यावर जमून सूर्याच्या निर्मितीबद्दल ईश्वराचे आभार मानण्याचा विधी असतो. तो ८ एप्रिल २००९ रोजी झाला आणि यापुढे ८ एप्रिल २०३७ रोजी होईल. जे आपण निर्माण केलेले नाही त्याचा उपभोग घेण्यापूर्वी देणाऱ्याचे स्मरण करावे, हा या सर्व विधींमागील विचार आहे. धनी कोणी दुसराच आहे आणि माणसाकडे ही ठेव सांभाळण्यापुरती आली आहे, ही जाणीव यहुदी सणांतून वारंवार प्रकट होते.

चंद्र आणि सूर्य यांची सांगड

यहुदी पंचांग आपल्या पंचांगाचे जवळचे नातेवाईक शोभावे असे आहे. महिने चंद्राचे आणि वर्षाची सांगड मात्र सूर्याशी, अशी त्याची रचना आहे. महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणेच तेथेही महिन्याचा आरंभ अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाशी निगडित आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान पडते. ही तूट भरून काढण्यासाठी यहुदी पंचांगात दर एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. अशा वर्षी ‘अदार’ नावाचे दोन महिने येतात.

याचे कारण शेतीशी निगडित आहे. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या मुक्ततेचा ‘पेसाख’ हा सण वसंत ऋतूतच साजरा करावा, अशी धर्मग्रंथाची आज्ञा आहे. प्राचीन काळी जेरुसलेमचे धर्मपीठ वर्षाला अधिक महिना जोडावा की नाही हे ठरविताना विषुवदिनाचा विचार करीत असे. त्याबरोबरच जवाची कणसे कितपत भरली आहेत आणि झाडांना फळे धरली आहेत काय, याचीही पाहणी होत असे. नवा चंद्र प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदारांच्या जबान्या घेऊन महिना घोषित केला जाई आणि टेकड्याटेकड्यांवर आगट्या पेटवून ती वार्ता दूरवर पोहोचविली जाई. पुढे समाज विखुरला. परंपरेनुसार चौथ्या शतकात गणिती पंचांग निश्चित झाले. मात्र त्या गणितातही वसंताशी असलेली बांधिलकी कायम राहिली.

संध्याकाळी सुरू होणारा दिवस

यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी घरची गृहिणी दीप उजळते आणि ‘शब्बाथ’ या विश्रांतिदिनाचा आरंभ होतो. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसू लागले की त्याची सांगता होते. निरोपाच्या वेळी सुगंधी मसाल्यांचा वास घेतात, जेणेकरून त्या दिवसाचा दरवळ पुढील आठवडाभर मनात राहावा.

या दिवशी वर्ज्य असलेल्या एकोणचाळीस प्रकारच्या कामांची जी यादी ‘मिश्ना’ या प्राचीन धर्मसंहितेत आहे, तिच्या आरंभी पेरणी, नांगरणी आणि कापणी ही कामे येतात. विश्रांतीचा हक्क केवळ घरधन्याला नाही. नोकरचाकर, परका पाहुणा, बैल आणि गाढव यांनाही तो आहे. सहा दिवस माणूस सृष्टीवर काम करतो, तिच्यात फेरफार करतो. सातव्या दिवशी त्याने हात आवरते घ्यावेत आणि जग आपल्यावाचूनही चालते हे अनुभवावे, असा याचा आशय आहे.

जवापासून गव्हापर्यंत

पेसाखच्या सुमारास इस्रायलच्या भूमीत जवाची कापणी सुरू होते. मंदिर अस्तित्वात असताना या सणाच्या दुसऱ्या दिवशी जवाच्या पहिल्या पेंढीचे अर्पण होत असे. त्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस मोजावयाचे. आजही प्रत्येक रात्री त्या दिवसाचा अंक उच्चारून ही मोजणी केली जाते. पन्नासाव्या दिवशी ‘शावुओत’ हा सण येतो, तेव्हा गव्हाचे पीक हाती आलेले असते. सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र प्राप्त झाल्याचे स्मरणही याच दिवशी करतात. दास्यातून सुटका झाली तो पेसाख, आणि त्या स्वातंत्र्याला नीतीचा आधार मिळाला तो शावुओत. कोवळ्या जवापासून पक्व गव्हापर्यंतची ही वाटचाल माणसाच्या मनाचीही मानली गेली आहे.

पहिल्या फळांच्या अर्पणाचे मोठे हृद्य वर्णन मिश्नेत आढळते. शेतकरी आपल्या बागेत जाई. पहिले अंजीर, पहिला द्राक्षघड किंवा पहिले डाळिंब दिसले की त्याला गवताची दोरी बांधून खूण करी. पुढे गावोगावचे शेतकरी एकत्र जमून जेरुसलेमकडे निघत. मिरवणुकीच्या अग्रभागी सोन्याने मढविलेल्या शिंगांचा बैल आणि सोबत बासरीचे सूर असत. गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर ही त्या भूमीची सात प्रमुख पिके होत. अर्पण याच सातांतून होत असे.

मात्र कृतज्ञता केवळ अर्पणाने पुरी होत नाही. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळून पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत, असा दंडक आहे. शावुओतला रूथची कथा वाचतात. रूथ ही परदेशातून आलेली विधवा. परक्याच्या शेतात सरवा वेचून ती आपले आणि सासूचे पोट भरते आणि पुढे राजा दावीदाची पणजी होते. कापणीच्या सणाला ही कथा निवडण्यात मोठे औचित्य आहे. ज्याच्या शेतात भरघोस पीक आले त्याने त्या दिवशी रिकाम्या हातांची आठवण ठेवावी, हे तिचे सांगणे आहे.

छतातून दिसणारे तारे

शरद ऋतूत, आपल्या भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, ‘सुक्कोत’ हा मांडवांचा सण येतो. द्राक्षे, ऑलिव्ह, अंजिरे यांचा हंगाम आटोपून कोठारे भरलेली असतात. नेमक्या याच वेळी घराबाहेर एक तात्पुरता मांडव उभारून सात दिवस त्यात जेवावे, शक्य तर झोपावेही, अशी आज्ञा आहे. मांडवाचे आच्छादन जमिनीतून उगवलेल्या आणि कापून घेतलेल्या फांद्यापानांचेच हवे. पत्रा किंवा कापड चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली अधिक हवी, परंतु रात्री फटींतून तारे दिसावेत अशी प्रथा आहे. वाळवंटात भटकणाऱ्या पूर्वजांच्या झोपड्यांचे हे स्मरण आहे. भरल्या घराच्या माणसाने वर्षातून एकदा ठिसूळ छताखाली बसावे आणि आपली सुरक्षितता किती पातळ असते हे ओळखावे, हा त्यातील बोध होय.

या सणात चार वनस्पती एकत्र हाती धरून प्रार्थना करतात. त्यांत खजुराचा न उमललेला कोवळा झाप, मर्टल नावाच्या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या, वाळुंजाच्या डहाळ्या आणि महाळुंगाचे फळ यांचा समावेश असतो. प्राचीन भाष्यकारांनी यांतून एक सुंदर रूपक काढले आहे. महाळुंगाला चव आहे आणि सुगंधही आहे. खजुराला चव आहे, सुगंध नाही. मर्टलला सुगंध आहे, चव नाही. वाळुंजाला दोन्ही नाहीत. चव म्हणजे विद्या आणि सुगंध म्हणजे सत्कर्म. समाजात या चारही प्रकारची माणसे असतात. चौघांना एकत्र धरल्याशिवाय प्रार्थना पूर्ण होत नाही. यांपैकी वाळुंज वगळला तरीही विधी अपुराच राहतो.

महाळुंगाचा आपल्या देशाशीही संबंध आहे. कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मीच्या हातात हेच फळ आहे. या लिंबूवर्गीय वृक्षाचे मूळ हिमालयाच्या पायथ्याच्या पूर्वेकडील प्रदेशात असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथून तो इराणमार्गे पश्चिमेकडे गेला. जेरुसलेमजवळील रामात राहेल येथे इराणी राजवटीच्या काळातील एका राजोद्यानाच्या जुन्या गिलाव्यात अडकून राहिलेले महाळुंगाचे परागकण संशोधकांना सापडले आहेत. भारताच्या भूमीत जन्मलेले फळ अशा रीतीने दूरच्या एका धर्माच्या पूजेत मानाने जाऊन बसले.

सुक्कोतच्या शेवटी पावसाची प्रार्थना होते. त्या भूमीत नाईलसारखी पूर देणारी मोठी नदी नाही. उन्हाळाभर आकाश कोरडे असते. पाऊस पडतो तो शरदापासून वसंतापर्यंत. पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस यांना हिब्रू भाषेत वेगवेगळी नावे आहेत, यावरून त्यांचे मोल कळते. पेसाखला पावसाची प्रार्थना थांबते आणि दवाची सुरू होते, कारण पुढील कोरड्या महिन्यांत पिकांना दवाचाच काय तो दिलासा. येथे एक नाजूक विचार दिसतो. इस्रायलमध्ये पाऊस देण्याची प्रत्यक्ष मागणी सणानंतर पंधरवडा उलटल्यावर करावी असे मिश्ना सांगते. जेरुसलेमहून परतणारा अगदी दूरचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत सुखरूप पोहोचावा आणि वाटेत भिजू नये, यासाठी ही सवड. शेतकऱ्याला पाण्याची कितीही निकड असली, तरी वाटेवरच्या एका प्रवाशासाठी अवघ्या समाजाने प्रार्थना लांबणीवर टाकावी, ही कल्पना मनाला स्पर्शून जाते.

झाडांचे हिशेबी वर्ष

बँकेच्या व्यवहारात आपणा सर्वांना ३१ मार्चचे महत्त्व ठाऊक आहे. यहुदी परंपरेत झाडांनाही असेच हिशेबी वर्ष आहे. मिश्नेने वर्षारंभाचे चार दिवस सांगितले आहेत. त्यांपैकी शवाट महिन्याची पौर्णिमा हा झाडांचा वर्षारंभ होय. फळांचा दशमांश धर्मकार्यासाठी द्यावा लागे. कोणते फळ कोणत्या वर्षाच्या हिशेबात धरावे, हे या तारखेवरून ठरे. हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांच्या संप्रदायांत या तारखेवरून मतभेद होता. शम्मायपंथीय महिन्याचा पहिला दिवस मानीत, तर हिल्लेलपंथीय पंधरावा. अखेर पंधरावा दिवस मान्य झाला. तोवर वर्षाचा बराचसा पाऊस पडून गेलेला असतो आणि बदामाची झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी बहरू लागतात. बदामाचे हिब्रू नाव ‘जागे राहणे’ या अर्थाच्या धातूशी जुळणारे आहे. थंडीत सर्वांआधी जागे होणारे झाड म्हणून ते त्याला शोभते.

करवसुलीची ही तारीख पुढे उत्सव झाली. गालील प्रांतातील सफेद नगरीच्या गूढवादी परंपरेतून या रात्री निरनिराळी फळे मंत्रपूर्वक खाण्याचा विधी विकसित झाला. १८९० साली झिखरोन याकोव या गावातील एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना या दिवशी झाडे लावण्यास नेले आणि तेथून वृक्षारोपणाची प्रथा रूढ झाली.

युद्धात एखाद्या नगराला वेढा घातला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, असा निर्बंध तोराग्रंथात आहे. तालमूदकारांनी त्याची व्याप्ती वाढवून कोणत्याही उपयुक्त वस्तूचा निष्कारण नाश निषिद्ध ठरविला. तालमूदातच होनी नावाच्या साधुपुरुषाची एक गोष्ट आहे. एक माणूस कॅरोब या शेंगांच्या झाडाचे रोप लावताना त्याला दिसला. हे झाड फळायला सत्तर वर्षे लागतात, हे त्या माणसाला माहीत होते. आपण जन्मलो तेव्हा पूर्वजांनी लावलेली झाडे येथे होती, तशीच आपण पुढच्यांसाठी लावतो, एवढेच त्याचे उत्तर होते.

जमिनीची विश्रांती आणि कर्जाचा प्रश्न

सृष्टी ही ठेव आहे, या विचाराची खरी कसोटी सातव्या वर्षी लागते. सहा वर्षे शेत पिकवावे आणि सातव्या वर्षी त्याला विश्रांती द्यावी, अशी आज्ञा आहे. या वर्षाला ‘श्मिता’ म्हणतात. आपोआप उगवलेल्या पिकावर मालकाइतकाच गरिबाचा, परक्याचा आणि रानातील पशूंचाही हक्क असतो. भूमी ईश्वराची आहे आणि तुम्ही तिच्यावरचे पाहुणे आहात, हा त्यामागील स्पष्ट दाखला ग्रंथातच दिला आहे.

या वर्षाच्या अखेरीस थकलेली कर्जेही माफ होत. गरिबाच्या मानेवरील जू उतरावे, हा हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात मात्र सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्ज देणेच थांबवीत. ज्याच्या हितासाठी नियम केला, तोच गरीब शेतकरी बियाण्याच्या पैशाला मुकू लागला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या आचार्यांनी ही अडचण ओळखली. धनकोने आपले येणे एका लेखाद्वारे न्यायपीठाच्या स्वाधीन करावे, अशी व्यवस्था त्यांनी घालून दिली. माफी व्यक्तीच्या येण्याला लागू होती. न्यायपीठाकडे सोपविलेले येणे शाबूत राहत असे. या लेखाला ‘प्रोझबुल’ म्हणतात.

त्यातील एक अट बँकिंगशी संबंधित वाचकांना विशेष रंजक वाटेल. ऋणकोच्या नावावर थोडी तरी जमीन असली पाहिजे. ती मुळीच नसेल, तर धनकोने स्वतःच्या जमिनीतील लहानसा तुकडा त्याला द्यावा आणि मग लेख करावा! तारणाची अट पाळण्यासाठी कर्ज देणाऱ्यानेच तारण पुरवावे, अशी ही तजवीज होती. पतपुरवठ्याचा झरा आटू नये, तो गरजूपर्यंत पोहोचावा, ही तळमळ तिच्यात दिसते.

श्मिता वर्ष आजही इस्रायलमध्ये पाळले जाते. मागील वर्ष सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ असे होते. पुढील वर्ष सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल. काही शेतकरी शेत खरोखरच पडीक ठेवतात. काही जण १८८९ साली धर्मगुरूंनी दिलेल्या सवलतीनुसार जमीन कागदोपत्री परधर्मीयाला विकून शेती चालू ठेवतात. आज्ञा आणि उपजीविका यांतील ओढाताण अद्याप संपलेली नाही.

कोकणातील धागा

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यहुदी लोक देशोदेशी विखुरले, तरी त्यांनी त्या भूमीचे ऋतू सोबत नेले. या परंपरेचा एक धागा आपल्या कोकणात आहे. बेने इस्रायल समाजाच्या आख्यायिकेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया बचावल्या. किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून आडनावे घेऊन हा समाज येथे रुजला, मराठी बोलू लागला. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ हाताशी नसतानाही घाण्याच्या बैलाला त्या दिवशी विश्रांती मिळत राहिली.

त्यांच्या जुन्या सणांची नावेही मराठीच होती. नववर्षाचा ‘नव्याचा सण’, नव्या धान्याची नारळाच्या रसातील खीर करण्याचा ‘खिरीचा सण’ आणि ‘बिरड्याचा सण’ या नावांतून कोकणची माती दरवळते. पुरिम हा सण बहुधा फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो त्यांच्यात ‘होळीचा सण’ झाला. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने ‘मलिदा’ अर्पण करतात. त्यात भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे असतात. झाडांच्या वर्षारंभाचा दिवसही त्यांनी या संदेष्ट्याच्या स्मरणाशी जोडला आहे. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्याची श्रद्धा आहे आणि तेथे भाविक जातात. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. येथे राहिलेल्यांची संख्या अल्प आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मुंबईच्या मांडवी भागात १७९६ साली स्थापन झालेले ‘शआर हारहमिम’ आणि अलिबागचे १८४८ मधील ‘मागेन आबोथ’ ही प्रार्थनालये या समाजाच्या श्रद्धेची साक्ष देतात. सुक्कोतच्या अखेरीस येथील प्रार्थनालयांत पावसाची याचना होते, तेव्हा कोकणातला चार महिन्यांचा पाऊस नुकताच ओसरलेला असतो. विहिरी तुडुंब असतात, भाताची कणसे पिवळी पडत असतात. याचना करणाऱ्याला स्वतःच्या अंगणासाठी तेव्हा काहीच मागावयाचे नसते. तो दूरच्या शेतांसाठी आणि तेथील अनोळखी शेतकऱ्यांसाठी पाणी मागतो.

यहुदी सणांचे मर्म या प्रार्थनेत एकवटले आहे, असे म्हणता येईल. भूमीला आपली मालमत्ता समजणाऱ्याचे नाते ती हातची गेली की संपते. भूमीला ठेव समजणारा माणूस मात्र ती सांभाळण्याची जबाबदारी कोठेही गेला तरी पार पाडू शकतो. शेताची कड दुसऱ्यासाठी सोडणे, सत्तर वर्षांनी फळणारे झाड लावणे, वाटेवरच्या प्रवाशासाठी पाऊस थोडा थांबवून धरणे, ही सारी त्या जबाबदारीचीच रूपे होत. ठेवीची आणि विश्वासाची भाषा आपल्या नित्य परिचयाची आहे. आपल्या हाती आलेली माती, पाणी आणि झाडे पुढच्या पिढीच्या नावावर जमा करताना ती भाषा आपल्याही उपयोगी पडावी.